पगारातून कापलेला कर त्याच दिवशी भरा : पुणे परिसरातील उद्योजकांना खुले पत्र

प्रति,
भोसरी, पिंपरी-चिंचवड, तळवडे आणि चाकण परिसरातील लघू व मध्यम उद्योगांचे मालक आणि संचालक

विषय : पगारातून कापलेला आयकर वेळेवर भरणे आणि त्याचे तिमाही विवरणपत्र पूर्ण व बिनचूक दाखल करणे याबाबत.

महोदय / महोदया,

सप्रेम नमस्कार.

गेली सत्तावीस वर्षे मी याच पट्ट्यातील कारखान्यांमध्ये पगारपत्रके करीत आले आहे. दर महिन्याच्या ७ तारखेला आमच्या लेखा विभागात जी घालमेल चालते, ती तुमच्यापैकी अनेकांनी प्रत्यक्ष पाहिलेली नाही, कारण त्या दिवशी तुम्ही बहुधा एखाद्या मोठ्या गिऱ्हाइकाच्या पर्चेस खात्यात थकलेले बिल सोडवून घ्यायला बसलेले असता. तुमची ओढाताण मला ठाऊक आहे. तरीही जे सांगायचे आहे ते मालकाच्या केबिनमध्ये उभे राहून सांगण्याची सोय आमच्यासारख्यांना नसते, आणि सांगितलेच तर ‘बघू, पुढच्या आठवड्यात’ यापलीकडे गोष्ट सरकत नाही, म्हणून हे खुले पत्र.

नियम तुमच्या सीएंनी तुम्हाला सांगितलेलेच असतील, त्यामुळे ते थोडक्यात उरकते. पगार देताना नोकरदाराच्या वर्षभराच्या अंदाजित उत्पन्नावरचा आयकर सरासरी दराने कापायचा (यालाच टीडीएस म्हणतात), कापलेली रक्कम पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत सरकारजमा करायची (मार्चची तेवढी ३० एप्रिलपर्यंत), कोणाचा किती कर कापला याचे विवरणपत्र ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि ३१ मे या तारखांपर्यंत द्यायचे आणि १५ जूनपर्यंत प्रत्येकाच्या हातात फॉर्म १६, म्हणजे वर्षभराच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, ठेवायचा. यातील एकही गोष्ट अवघड नाही. अवघड असते ते कापलेले पैसे महिनाअखेर ते ७ तारीख या आठ दिवसांत खात्यावर पडलेले दिसत असताना त्यांना हात न लावणे.

मी जिथे काम करीत होते अशा एका कारखान्यातील हकीकत सांगते. कारखान्याचे नाव सांगणार नाही, आणि मालक लबाड होते असेही मी म्हणणार नाही. पगार त्यांनी कधी एक दिवसही पुढे ढकलला नाही. २०२३-२४ या वर्षी आमच्याकडे २३ जणांचा मिळून दरमहा १ लाख १६ हजार रुपये आयकर कापला जात होता. एप्रिल आणि मे यांचे चलन (कर सरकारजमा करण्याचा भरणा) वेळेवर गेले. जूनमध्ये एका मोठ्या गिऱ्हाइकाचे पैसे अडकले, कच्चा माल उचलायचा होता, सीसी खात्याची (बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाची) मर्यादा संपलेली होती. मी चलनाचा कागद समोर ठेवला तेव्हा साहेब म्हणाले, “ताई, टीडीएस कुठे पळून जातोय? आधी स्टीलवाल्याला आरटीजीएस करा.” मी केले. पुढच्या महिन्यात दोन महिन्यांचे एकदम भरायचे ठरले, आणि दोन महिन्यांची रक्कम एका महिन्याच्या रकमेपेक्षा भरायला अधिक जड असते हे वेगळे सांगायला नको. जूनपासून मार्चपर्यंतचे दहाही महिने तसेच राहिले. पहिल्या तिमाहीचे विवरणपत्र आम्ही एप्रिल आणि मे एवढेच दाखवून दाखल केले, जून त्यात घेतलाच नाही. उरलेल्या तीन तिमाहींची विवरणपत्रे दाखलच केली नाहीत.

या काळात पगाराच्या प्रत्येक स्लिपवर ‘आयकर कपात’ या ओळीत आकडा छापून येत होता. तो मीच छापत होते.

आमच्या टूलरूमचे सुपरवायझर जून २०२४ मध्ये माझ्या टेबलापाशी आले. मुलीचा इंजिनीअरिंगला प्रवेश झाला होता आणि शैक्षणिक कर्जासाठी बँकेने त्यांचा फॉर्म १६ मागितला होता. त्यांचे दरमहा ३,२०० रुपये कापले जात होते, वर्षाचे ३८,४०० झाले. मी त्यांना ‘पुढच्या आठवड्यात देते’ असे सांगितले. तो आठवडा काही आला नाही. पगाराच्या स्लिपांवरून त्यांनी आपले आयकर विवरणपत्र मुदतीत भरले आणि नोव्हेंबरमध्ये त्यांना आयकर खात्याची सूचना आली. ते मोबाईल घेऊन आले आणि त्यांनी २६एएस (आपल्या नावावर जमा झालेल्या कराचा आयकर खात्याकडील उतारा) उघडून माझ्यापुढे धरला. त्यात आपल्या कंपनीचा पीएनईने सुरू होणारा टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक), त्याखाली एप्रिलची ओळ, मेची ओळ, दोन्ही मिळून ६,४०० रुपये, आणि त्याखाली काही नाही. खात्याचे म्हणणे सरळ होते : तुम्ही ३८,४०० रुपये भरल्याचे सांगता, आमच्याकडे ६,४०० आले आहेत, उरलेले ३२,००० आणि त्यावरचे व्याज भरा. त्यांनी आवाज चढवला नाही. “मॅडम, माझ्या पगारातून तर कापले ना?” एवढेच विचारले.

कायदा या बाबतीत त्यांच्या बाजूने आहे, हे मला तेव्हाही माहीत होते. ज्या उत्पन्नातून कर कापला गेला आहे, त्यावर तेवढ्या कराची मागणी पुन्हा त्या व्यक्तीकडून करता येत नाही, असे १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम २०५ मध्ये लिहिलेले आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्येच स्पष्ट केले की मालकाने कर कापून तो भरला नसेल तर वसुली मालकाकडून करायची, नोकरदाराकडून नाही. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानेही २०१५ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये आपल्या अधिकाऱ्यांना तशा सूचना दिल्या आहेत. पण कायदा बाजूने असणे आणि संगणकाने काढलेली मागणी मागे घेतली जाणे या दोहोंमध्ये माणसाची बरीच पायपीट असते. मागणीशी आपण सहमत नसल्याचे उत्तर ऑनलाइन द्यावे लागते, बारा महिन्यांच्या स्लिपा आणि बँकेचे पासबुक जोडावे लागते, पुढच्या वर्षीचा परतावा या मागणीपोटी वळता होणार नाही ना याकडे लक्ष ठेवावे लागते. दोन पाळ्यांत काम करणाऱ्या माणसाने हे कोणत्या वेळी करायचे? आमच्या सुपरवायझरांना हे प्रकरण पूर्ण मिटेपर्यंत ऑगस्ट २०२५ उजाडला, आणि तोवर मुलीचे पहिले वर्ष संपले होते. फी त्यांनी सोसायटीतून कर्ज काढून भरली होती.

आता मालकांच्या बाजूचा हिशेब मांडते, कारण ‘वापरायला मिळालेले बिनव्याजी पैसे’ ही कल्पना मी अनेक केबिनमध्ये ऐकली आहे. कापलेला कर उशिरा भरला तर कापल्याच्या तारखेपासून भरण्याच्या तारखेपर्यंत दरमहा दीड टक्का व्याज लागते, आणि अपुरा महिना पूर्ण धरला जातो. ३१ जुलैला कापलेला कर ७ ऑगस्टऐवजी ८ ऑगस्टला भरला तर उशीर एक दिवसाचा असला तरी जुलै आणि ऑगस्ट असे दोन महिने मोजले जातात आणि तीन टक्के व्याज बसते. १ लाख १६ हजारांवर ते ३,४८० रुपये होते, एका दिवसाचे. वर्षाचा दर अठरा टक्के पडतो. बँक तुम्हाला सीसीवर यापेक्षा कमी दराने पैसे देते, मग स्वस्त म्हणून हे महाग पैसे का वापरायचे, हे कोडे मला आजवर उलगडलेले नाही.

आमच्या कारखान्यात थकलेले पैसे जानेवारी २०२५ मध्ये आले आणि त्याच महिन्याच्या २० तारखेला आम्ही सगळी चलने भरून विवरणपत्रे दाखल केली. मूळ कर ११ लाख ६० हजार होता. त्यावर जून २०२३ च्या रकमेला वीस महिन्यांचे, मार्च २०२४ च्या रकमेला अकरा महिन्यांचे असे करीत व्याज २ लाख ६९ हजार ७०० रुपये झाले. विवरणपत्रास उशीर झाल्याचे शुल्क दिवसाला २०० रुपये असते आणि ते आधी भरल्याशिवाय विवरणपत्र देता येत नाही. दुसऱ्या तिमाहीचे ४४७ दिवस, तिसरीचे ३५५, चौथीचे २३४, म्हणजे आणखी २ लाख ७ हजार २०० रुपये. एवढ्यावरही भागले नाही. कापलेला कर कंपनीच्या स्वतःच्या विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत भरला नसेल तर त्या पगाराच्या तीस टक्के रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून धरता येत नाही. दहा महिन्यांचा त्या २३ जणांचा पगार सुमारे २ कोटी होता, त्यातील ६० लाखांचा खर्च त्या वर्षी मिळाला नाही आणि तेवढ्या ‘नफ्यावर’ कंपनीला कर लागला. कर भरल्याच्या वर्षी ही वजावट परत मिळते हे खरे, पण रोकड नाही म्हणून कर अडवून ठेवणाऱ्याने आणखी रोकड आगाऊ देऊन बसावे, याला काय म्हणायचे ते तुम्हीच ठरवा.

खटल्याचा भाग मी मुद्दाम शेवटी घेत आहे. १९६१ च्या कायद्यात कापलेला कर न भरणाऱ्यास तीन महिने ते सात वर्षे सक्तमजुरीची तरतूद होती आणि कंपनीच्या बाबतीत कारभार पाहणारे संचालकही त्यात येत. १ ऑक्टोबर २०२४ पासून त्यात एक सवलत आली : त्या तिमाहीच्या विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत कर भरला तर खटला होत नाही. उद्योजकांच्या व्हॉट्सॲप गटांत ही दुरुस्ती ‘आता तीन महिने वापरा, काही होत नाही’ अशा अर्थाने फिरली, आणि मला दोन ठिकाणांहून तसे विचारणारे फोन आले. सवलत फक्त खटल्यापुरती आहे. व्याज कापल्याच्या तारखेपासूनच सुरू असते.

भविष्यनिर्वाह निधीशी तुलना केली की हा कर का मागे पडतो ते कळते. पीएफची १५ तारीख चुकली तर कामगाराच्या पासबुकात महिन्याची ओळ येत नाही आणि दुसऱ्या दिवशी युनियनचा माणूस गेटवर उभा असतो. आयकराचे तसे नाही. जुलैत कापलेला कर नोकरदाराच्या २६एएसमध्ये दिसतो तो ऑक्टोबरअखेरचे विवरणपत्र दाखल होऊन त्यावर प्रक्रिया झाल्यावर. तोवर भरला की नाही हे त्याला कळण्याचा मार्गच नसतो. शिवाय गेल्या वर्षापासून नव्या करप्रणालीत पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत कर पडत नसल्यामुळे कपात होणारे लोक कारखान्यात थोडेच उरले आहेत, आणि थोड्यांच्या तक्रारीला शॉप फ्लोअरवर आवाज नसतो.

पैसे भरले म्हणजे काम झाले असे समजणारे मालकही बरेच आहेत, त्यांच्यासाठी थोडे लिहिते. चलन भरले की बँकेच्या शाखेचा सात अंकी बीएसआर कोड, तारीख आणि चलनाचा पाच अंकी क्रमांक मिळतो. हे तीन आकडे विवरणपत्रात जसेच्या तसे उतरले आणि त्यापुढे प्रत्येक नोकरदाराचा पॅन व त्याची रक्कम बरोबर आली, तरच तो पैसा त्या माणसाच्या नावावर जातो. पॅनमधील एका अक्षराची चूक असेल तर कर सरकारजमा होऊनही माणसाच्या नावावर काही दिसत नाही. मी पाहिलेली सर्वांत नेहमीची चूक चलनाच्या शीर्षकाची : आपली कंपनी आहे म्हणून पगाराच्या कराचे चलनही ‘कंपनी’ या शीर्षकाखाली, ००२० मध्ये भरतात. शीर्षक ज्याचा कर कापला त्याच्यावरून ठरते, आणि पगार घेणारा माणूस कंपनी नसतो, म्हणून ते ००२१ असायला हवे. चौथ्या तिमाहीत प्रत्येकाच्या वर्षभराच्या पगाराचा आणि वजावटींचा तपशील द्यायचा असतो, तो कोणीतरी शेवटच्या रात्री मागच्या वर्षाच्या फाइलवरून उतरवतो आणि मग फॉर्म १६ मधील आकडे पगाराच्या स्लिपशी जुळत नाहीत. हे काम बाहेर दिले असले तरी जबाबदारी टॅन ज्याच्या नावावर आहे त्याचीच राहते.

चुका दुरुस्त करण्याची मुदतही आता आखडली आहे. पूर्वी दुरुस्ती विवरणपत्र वर्षानुवर्षे देता येत असे. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात ही मुदत, ज्या वर्षी मूळ विवरणपत्र द्यायचे होते त्या वर्षाच्या अखेरीपासून दोन वर्षे एवढीच ठेवली आहे. २०२३-२४ च्या पहिल्या तीन तिमाहींची दुरुस्ती ३१ मार्च २०२६ रोजी बंद झाली. आमच्या सुपरवायझरांचा जून २०२३ चा कर पहिल्या तिमाहीच्या दुरुस्तीतूनच त्यांच्या नावावर गेला होता. साहेबांनी आणखी सव्वा वर्ष ‘पुढच्या आठवड्यात’ म्हटले असते, तर पैसे भरूनही ते ३,२०० रुपये त्या माणसाच्या खात्यात दाखवण्याचा रस्ता उरला नसता.

माझी मागणी एकच आहे, बाकी गोष्टी तिच्या पोटात येतात. ज्या दिवशी पगाराचे पैसे बँकेतून सुटतात, त्याच दिवशी त्या पगारातील कराचे चलन सुटावे. सरकारी कार्यालये चलनाविना, खातेनोंदीने कर जमा करतात तेव्हा त्यांना तो त्याच दिवशी करावा लागतो. तुम्हाला ७ तारखेपर्यंत मुभा आहे, ती सुट्ट्यांसाठी, बँकेचे सर्व्हर बंद पडण्यासाठी आणि आमच्यासारख्यांच्या आजारपणासाठी राखून ठेवा. पगार आणि चलन यांना एकाच वेळी मंजुरी देण्याची सवय लागली की मधल्या आठ दिवसांत त्या पैशांवर कोणाची नजर जात नाही, तुमचीही नाही. पगाराची रक्कम पूर्ण नसेल तर पगार काही दिवस उशिरा द्या आणि तसे सांगा. ते माणसांना कळते, आणि त्याचा त्यांना रागही येतो, पण स्लिपेवर भरलेला दिसणारा आणि प्रत्यक्षात न भरलेला कर त्याहून वाईट. भरलेल्या चलनाचा क्रमांक आणि तारीख नोटीस बोर्डावर लावा, म्हणजे २६एएस येईपर्यंतच्या चार महिन्यांत कोणाला अंदाजावर राहावे लागणार नाही. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा फॉर्म १६ फुल अँड फायनलच्या (शेवटच्या हिशेबाच्या) वादात अडकवून ठेवू नका. तो न देण्याचा दंड दिवसाला ५०० रुपये आहे, पण तेही जाऊ द्या, नव्या मालकाकडे तो पहिल्याच महिन्यात लागतो.

आणि लेखा विभागातील माणसाला अपुरे विवरणपत्र भरायला सांगू नका. जून गाळून एप्रिल आणि मे दाखल करताना माझा हात थांबायला हवा होता, तो थांबला नाही. माझी नोकरी माझ्या घराला हवी होती, हे कारण आहे, समर्थन नाही. पण ‘ताई, तेवढे जून राहू द्या’ हे वाक्य ज्याच्या तोंडून निघते त्याला त्याच्या परिणामांची जाणीव फारशी नसते, आणि ज्याला असते त्याला नाही म्हणता येत नाही.

हे सारे आत्ताच लिहिण्याचे कारण म्हणजे २०२५ चा आयकर कायदा या १ एप्रिलपासून लागू झाला आहे. पगारावरील कपातीचे कलम १९२ आता ३९२ झाले आहे आणि ‘करवर्ष’ हा नवा शब्द आला आहे. त्यामुळे या खेपेला तुमच्या लेखापालाला आठ दिवसांच्या अंतराने दोन कायद्यांखाली चलने भरायची आहेत : मार्चच्या पगाराचा कर जुन्या कायद्याप्रमाणे, जुनेच कोड घालून आणि २०२५-२६ हे आर्थिक वर्ष धरून, ३० एप्रिलपर्यंत; एप्रिलच्या पगाराचा नव्या कायद्याप्रमाणे, २०२६-२७ हे करवर्ष घालून, ७ मेपर्यंत. या दोहोंची गल्लत झाली तर ती निस्तरण्यात पावसाळा जाईल. शिवाय ३० एप्रिलला गुरुवार आहे, ७ मेलाही गुरुवार आहे, म्हणजे आपल्या भागातील वीजसुट्टीचा (कारखान्यांच्या साप्ताहिक सुट्टीचा) वार. मध्ये १ मेची सुट्टी. गुरुवारी ऑफिसात शिपायाशिवाय कोणी नसते आणि बँकेच्या मंजुरीचा ओटीपी मालकांच्या मोबाईलवर येतो. तेव्हा दोन्ही वेळा बुधवारी, २९ एप्रिलला आणि ६ मेला, दुपारच्या आत तो ओटीपी सांगून टाका.

आपली नम्र,
भोसरी एमआयडीसीतील एक पगार-लेखापाल
एप्रिल २०२६